बारावा टेक

"त्या बुटांत पाय घालू नकोस, वीजे," काचेमागून आमचा ध्वनिमुद्रक लायल म्हणाला.

"मग काय, अनवाणी चालू?"

"दुसरा कुठलाही जोड घे. भिंतीला साठ जोड लावलेत."

"साठातला एकही मालिकेतल्या त्या म्हातारीचा नाही. म्हातारीचे हेच," मी म्हणाले आणि ओफेलियाबाईंचे तपकिरी बूट ओढून पायात घातले. आतला तळवा झिजून खड्डा पडला होता, बरोबर त्यांच्या टाचेएवढा. माझी टाच त्यात काही केल्या बसेना.

आधी माझा धंदा सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई बुटांच्या दुकानात कामाला होती. आमची आई तेच समजायची. टीव्हीवर एखादी बाई जिना उतरते तेव्हा जी टकटक ऐकू येते ना, ती बऱ्याचदा तिची नसते. चित्रीकरणाच्या वेळी माइक नटांच्या तोंडाकडे असतो, पायाकडे नाही. मग नंतर हॉलिवूडजवळच्या बरबँकसारख्या गावात, एका बंद खोलीत, माझ्यासारखी कुणीतरी पडद्याकडे बघत तिच्या पावलाबरोबर पाऊल टाकते. खोलीच्या जमिनीत कुठे फळ्या बसवलेल्या, कुठे फरशी, एका चौकोनात खडी, एकात वाळू. समोर माइक, बाकी अंधार. आई फोनवर म्हणायची, "कोल्हापूरची पोरगी अमेरिकेत जाऊन काय करते, तर चपला वाजवते! अगं, इथं वाजवल्या असत्यास तर निदान आपल्या तरी असत्या." नाव माझं वैजयंता इंगवले. तिकडच्या जिभेला ते झेपेना, म्हणून वीजे.

मला हे काम शिकवलं ओफेलिया बारिएन्तोस यांनी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मेक्सिकोच्या, पाच फूटसुद्धा उंची नाही आणि जीभ सुरीसारखी. मला 'मिहा' म्हणायच्या, म्हणजे पोरी. पण त्या एका 'मिहा'त वीस शिव्या मावायच्या. ज्या मालिकेवर आम्ही काम करत होतो तिची नायिका एक विधवा म्हातारी होती, मिसेस कॉर्विन. चार वर्षं तिची पावलं ओफेलियाबाईच टाकत होत्या. दोघींचाही डावा खुबा अधू, एकीचा गोष्टीत, दुसरीचा खरोखरचा. डावं पाऊल किंचित उशिरा पडायचं आणि टेकताना जरासं घासायचं. ते घासणं ऐकलं की अंगावर काटा यायचा, इतकं एकटेपण होतं त्यात.

आमच्या खोलीत एक रीत होती. ज्या पात्राला जो जोड लागला तो लागला. त्यावर चिकटपट्टीने पात्राचं नाव लिहायचं. जी बाई त्यात चालते ती असेपर्यंत तो जोड दुसऱ्या कुणी घालायचा नाही. तिला सोडायचा असेल तर तिनं स्वतः नाड्या बांधून तुमच्या हातात द्यायचा. बाईंनी माझ्या हातात काहीच दिलं नव्हतं. बुधवारी त्यांना हॉस्पिटलात नेलं आणि हा शुक्रवार होता.

शेवटच्या भागात मिसेस कॉर्विन घर सोडून जाते. शब्द एक नाही. सगळ्या खोल्यांतून फिरते, जिना उतरते, दाराशी थांबते. बाईंनी तो प्रसंग मंगळवारीच करून ठेवला होता. पण शुक्रवारी सकाळी दहाला निर्मात्यांकडून त्या प्रसंगाचं नव्याने कापून जोडलेलं चित्र आलं. आता ती दाराशी थांबत नव्हती. दार उघडून बाहेर पडायची, पायऱ्या उतरायची आणि खडीच्या वाटेनं चालत फाटकापर्यंत जायची. मधल्या खोल्यांचीही कापाकापी झालेली. म्हणजे मंगळवारचं सगळं चालणं बाद झालं होतं. सगळे आवाज एकत्र करायचं मिक्सिंग सोमवारी. करणार कोण? मी.

अकरा टेक केले. पहिल्यात मी तरुण वाटले. पाचव्यात लंगडी वाटले. आठव्यात लायल म्हणाला, "ही लंगडणाऱ्या बाईची नक्कल वाटतेय." खरंच होतं ते. मला रडू आलं आणि रागही आला. अकराव्यानंतर मी बूट काढले, खडीच्या चौकोनाशेजारी ठेवले आणि मोज्यांवरच मागच्या अंगणात गेले.

तिथं उन्हात उभी राहून नवऱ्याला फोन लावला. विलासची कंपनी जानेवारीत बंद पडली होती. आता तिघांचं तिथलं राहणं माझ्या एकटीच्या व्हिसाच्या कागदावर लटकत होतं आणि त्या कागदाची मुदत डिसेंबरात संपत होती. वकील म्हणत होता, असामान्य कौशल्य असलेल्यांसाठी एक वाट आहे, पण असामान्य आहात हे सिद्ध करा. चपला वाजवण्यात असामान्य! मुलगी सातवीत होती. तिला मराठी वाचता येत नव्हतं. आम्ही वीस-पंचवीस मिनिटं तेच ते बोलत बसलो. मला परत जायचं नव्हतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा तोंडाने म्हणाले.

आत आले तर लायल उभा होता. हा माणूस सहसा खुर्ची सोडत नाही.

"हे कसं केलंस?" तो म्हणाला.

"काय?"

"बारावा टेक. एक शब्द न बोलता आलीस, उभी राहिलीस. मी बटण दाबलं. वीजे, मी तीस वर्षांत असं ऐकलं नाही."

"लायल, मी अंगणात होते."

तो हसला. मग माझ्या पायांकडे बघितलं त्यानं. मोज्यांना अंगणातली माती लागलेली होती. त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

"तू मला पाहिलंस?" मी विचारलं.

"अंधार होता. माइकपाशी कुणीतरी उभं होतं. मी पडदा बघत होतो. दुसरं कोण असणार?"

"वाजव."

त्यानं वाजवलं. फळ्यांवरून हळूहळू, स्वयंपाकघराच्या फरशीवर थोडं थबकून, मग आठ पायऱ्या, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय. डावं किंचित उशिरा, किंचित घासून. दार. आणि मग खडी. खडीवर पहिलं पाऊल असं पडलं की जणू पायाला खात्रीच नाही, खाली जमीन आहे की नाही. पडद्यावरच्या नटीचा पाय आणि तो आवाज यांत केसाएवढंही अंतर नव्हतं. फाटकापाशी ती थांबली.

"तू मंगळवारच्यातूनच जोडलंस ना?" मी म्हणाले. "माझी चेष्टा करतोयस तू."

"मंगळवारच्यात खडी कुठे होती?"

मी खोलीत जाऊन बूट उचलले. शेजारी ठेवले होते ते आता खडीत होते, टोकं फाटकाच्या दिशेनं म्हणजे पडद्याकडे. आत हात घातला, तर ऊब होती. माझ्याच पायांची असेल, असं मी स्वतःला सांगितलं. अर्धा तास कुठली ऊब टिकते हो?

बारा वाजता फोन आला. बाईंची मुलगी मारिसोल. आई गेली, म्हणाली, साडेअकराच्या जरा आधी.

लायल हळूच म्हणाला, "तो टेक ठेवू या?"

खरं सांगायची ती वेळ होती. कुणाला तरी हाक मारायची, ऐका म्हणायचं. पण मला ते चालणं हवं होतं. मी म्हणाले, "ठेव."

तो भाग वसंतात दाखवला आणि लोक त्या चार मिनिटांवर फिदा झाले. वर्तमानपत्रांत आलं. मेमध्ये एमी पुरस्कारांसाठी नावं पाठवायची वेळ झाली. नटनट्यांचा झगमगाट असतो तो सोहळा वेगळा. त्याच्या आधी आम्हा पडद्यामागच्यांचा एक होतो, आवाजवाले, केशभूषावाले, प्रकाशवाले असे सगळे. आमची प्रमुख ग्रेचेन कागद घेऊन आली. कोणतं काम कुणी केलं ते स्टुडिओला लिहून द्यायचं होतं.

"तो शेवटचा प्रसंग," ती म्हणाली. "ओफेलियाचं काम बाद झालं होतं ना? मग हे तुझं?"

काचेमागे लायल मान खाली घालून तारा गुंडाळत होता. गुंडाळून झाल्या तरी गुंडाळतच होता.

"हो," मी म्हणाले. "माझं."

सही केली. संध्याकाळी वकिलाला फोन केला. तो म्हणाला, "बाई, हे मिळालं तर तुमचं काम झालंच म्हणून समजा."

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. एका पोलिसाची पावलं करत होते, साधीसुधी. पोलीस थांबला, मी थांबले. लायलनं वाजवून पाहिलं, तर माझ्या शेवटच्या पावलानंतर आणखी एक पाऊल. डावं, घासून पडलेलं. आम्ही परत केलं. परत तेच. उंच टाचा घातल्या, सपाता घातल्या, एका कुत्र्याची नखं वाजवली. मी थांबले की एक पाऊल जास्त! लायलनं ते शेवटचं पाऊल कापलं, आणि पुढं रोज कापत राहिला. घरी मात्र मी कुठंही एकदम थांबायचं सोडलं. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये जाताना भिंतीला टेकेपर्यंत चालायची. विलास म्हणाला, "काय गं, भूत लागलंय का मागं?" मी त्याच्यावर खेकसले. ते पाऊल आजही येतं. लायल निवृत्त झाला, आता ते माझं मीच कापते.

जुलैत नामांकन झालं. सप्टेंबरात, भर दुपारी दोन वाजता, अडतीस अंशांच्या उन्हात सगळी माणसं काळे सूट घालून रांगेत घामाघूम उभी. मी हिरवी इरकल नेसले होते. आईनं फोनवर बजावलं होतं, पदर नीट घे, जग बघणार आहे. जग कसलं बघतंय, आमचा सोहळा तेव्हा थेट दाखवतसुद्धा नव्हते. पण मी पदर नीट घेतला.

ग्रेचेननं बाईंच्या स्मरणार्थ मारिसोलला बोलावलं होतं. तिची खुर्ची माझ्या शेजारी. पन्नाशीची, शाळेत शिकवणारी, आईसारखीच बुटकी. दफनानंतर आम्ही भेटलोच नव्हतो, म्हणजे मी टाळलं होतं. आमच्या गटाला अजून तासभर होता.

"तो भाग मी परवा पाहिला," ती म्हणाली. "एवढे दिवस हिंमत झाली नाही. तू फार छान चाललीस."

"त्यांनीच शिकवलं," मी म्हणाले.

"एक विचारू? वेड्यासारखं वाटेल."

"विचारा ना."

"त्या शुक्रवारी आई शुद्धीवर नव्हती. अकराच्या सुमारास तिचे पाय हलायला लागले. चादरीखाली. नर्स म्हणाली, झटके असतील. पण ते झटके नव्हते. ती चालत होती." मारिसोलनं आपले दोन हात मांडीवर ठेवून दाखवलं, एक पुढे, एक मागे, डावा जरा उशिरा. "मध्येच थांबायची. मग उतरल्यासारखं, एकेका पायरीवर दोन्ही पाय. मी मोजल्या. आठ. परवा टीव्हीवर ती बाई जिना उतरली तेव्हा मी परत मोजल्या."

माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली.

"त्यांनी मंगळवारी तोच प्रसंग केला होता," मी कशीबशी म्हणाले. "अंगात बसलं असेल."

"मीही तेच म्हटलं स्वतःला. पण मग ती कण्हली. म्हणाली, खडी आहे, बघून चाला. स्पॅनिशमध्ये. थोडं चालली आणि पाय थांबले. मग ती गेलीच." मारिसोल माझ्याकडे वळली. "मंगळवारी खडी होती का गं?"

ते नवं चित्र शुक्रवारी दहाला आमच्या दारात आलं होतं आणि बाई तेव्हा दोन दिवस हॉस्पिटलात होत्या.

आमचा गट आला. पडद्यावर तुकडा दाखवला. तीन हजार माणसांच्या त्या सभागृहात बाई खडीवरून चालत गेल्या आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. मग आमचं नाव पुकारलं. मी उठले तेव्हा पाय माझे नव्हते. व्यासपीठाच्या पाच पायऱ्या चढले, माइकपाशी थांबले, आणि माझ्यामागे, लाकडावर, एक पाऊल आलं. मी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. आमचे सगळे पुढे उभे होते.

ग्रेचेननं आभार मानले आणि मला पुढे ढकललं, "वीजे, बोल."

मला वाटलं, आता नाही बोलले तर बाई मला सोडायच्या नाहीत. मी म्हणाले, "हे चालणं माझं नाही. ओफेलिया बारिएन्तोस यांचं आहे. ते त्यांनी केलं, शुक्रवारी अकरानंतर. मी तेव्हा अंगणात फोनवर होते. मी खोटी सही केली."

कुणीतरी हसलं, मायेनं. कुणीतरी टाळी वाजवली. पहिली रांग उभी राहिली, मग दुसरी, मग सगळं सभागृह. शेजारचा आवाजवाला डोळे पुसत माझ्या कानात म्हणाला, "गुरूला यापेक्षा मोठी वंदना नाही." मी हात हलवून नाही नाही म्हणत होते, तर टाळ्या आणखी वाढल्या. अहो, मी चोरी कबूल केली आणि लोकांनी माझ्या नम्रतेचं कौतुक केलं! उभ्या जन्मात एवढी लाज वाटली नाही मला.

खाली उतरल्यावर ग्रेचेनला एका कोपऱ्यात गाठलं. "कागद दुरुस्त कर," म्हटलं. "ते खरंच त्यांचं आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "काय लिहू? रेकॉर्डिंग कुठं झालं?"

"आपल्या खोलीत."

"आणि ती कुठं होती?"

ग्रेचेननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू दमलीयस. जा, पट्टी लावून घे."

बाहेरच्या दालनात एक लांब टेबल होतं. विजेत्यांनी रांग लावायची. तिथल्या मुली यादीतून तुमचं नाव शोधून, नाव कोरलेली छोटी पट्टी पुतळ्याच्या पायाशी स्क्रूनं बसवून देतात. तोपर्यंत पुतळा कुणाचाच नसतो. वकिलाला त्याच पट्टीचा फोटो हवा होता. माझ्यापुढे चौघं होते. मारिसोल येऊन शेजारी उभी राहिली. तिनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या, मी वरून पाहिलं होतं.

"तू खरं बोललीस," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलंच."

"मारिसोल, हा तुम्ही घेऊन जा. मी तिला सांगते, पट्टी लावू नकोस म्हणून. त्या रोज माझ्या मागे येतात. त्यांचं त्यांना देऊन टाकते, म्हणजे मला सोडतील."

"आणि तुझे कागद?"

मी चमकले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आईनं. गुरुवारी, शुद्धीवर होती तेव्हा. म्हणाली, त्या पोरीला डिसेंबरात हाकलून देतील, काहीतरी करायला हवं." मारिसोल जरा अडखळली. "पुढचं सांगू का नको, कळत नाही. तुला लागेल."

"सांगा."

"म्हणाली, तो प्रसंग ते बदलणार, निर्माते नेहमी बदलतात. आणि मग तो वीजेच्या गळ्यात पडेल. तिला जमायचं नाही, म्हणाली. चांगली पोर आहे, पण म्हातारपण तिला चालता यायचं नाही. मलाच उठावं लागणार."

रांग सरकली. माझे हात पुतळ्याभोवती घट्ट झाले होते. चार महिने मला वाटत होतं की मी एका मेलेल्या बाईचं चोरलं आणि ती मागत फिरतेय. तिनं मागितलंच नव्हतं. तिनं मला पुरतं ओळखलं होतं, तीच गोष्ट मला जास्त झोंबली. माझ्यासाठी मरणाच्या वाटेवरून उठून आली, आणि आली ती मला जमणार नाही म्हणून.

"मग मी आता काय करू?" मी विचारलं.

"ते तुझं तू बघ," मारिसोल म्हणाली. आवाज थेट आईचा. "तिनं तिचं काम केलं."

माझी पाळी आली. टेबलामागच्या मुलीनं यादीवर बोट ठेवलं, स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि हसून विचारलं, "कुणाचं नाव?"

विलास दाराशी उभा होता, मुलीचा हात धरून. मुलगी टाचा उंचावून माझ्या हातातला पुतळा बघत होती.

मी माझं नाव सांगितलं. टेबलामागच्या मुलीला कळलं नाही, म्हणून एकेक अक्षर करून परत सांगितलं.